बाळाच्या उशाशी रात्रभर आवाज लावावा का?

"नमस्कार मॅडम, मुलगी परवाच अकरा आठवड्यांची झाली. बाळंतपणाला कराडला माहेरी होते, तिथे दूध प्यायली की गुडूप झोपायची. डोंबिवलीला घरी आल्यापासून रात्र रात्र जागवते. एका खोलीचं घर, खिडकीखाली रिक्षा स्टँड, थोड्या अंतरावर रेल्वे. नणंदेने अमेरिकेहून व्हाइट नॉइजचं, म्हणजे सतत एकसारखा सूंऽऽ आवाज करणारं मशीन पाठवलं. ते पाळण्याच्या कठड्याला बांधून फुल आवाजात लावलं आणि पहिल्याच रात्री फरक पडला. आता रात्री नऊ ते सकाळी सात ते चालूच असतं, दुपारच्या झोपेलाही लावते. मशीनचं चार्जिंग संपलं तर मोबाइलवर पावसाच्या आवाजाचा व्हिडिओ लावून तो पाळण्यात ठेवते. बंद केलं की दहा मिनिटांत उठते. सासूबाई म्हणतात, 'कानाशी गिरणी लावलीय, पोर बहिरी होईल.' हे म्हणतात, बाळांसाठीच बनवलंय तर काय होणार? मी मोबाइलवर ॲप घेऊन तिच्या डोक्यापाशी मोजलं, ७८ आकडा आला. तो जास्त आहे का? तिला याची सवय लागेल का? अशाने मुलं उशिरा बोलतात असंही वाचलं. जन्मल्यावर कावीळ होती, दोन दिवस लाइटखाली ठेवलं होतं. कानाची तपासणी झाली की नाही आठवत नाही. मालिशवाल्या मावशी रोज कानात तेल सोडतात, ते चालेल ना?"
— अकरा आठवड्यांच्या मुलीची आई, डोंबिवली

तुमचा आकडा जास्त आहे. बाकीचं पुढे वाचालच, पण आधी उठून मशीन कठड्यावरून सोडा आणि खोलीच्या पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवा. टाकून द्यायची गरज नाही. घाबरूनही जाऊ नका. काही आठवडे असं चाललं म्हणून मुलीचे कान गेले, असं मानायला काही कारण नाही. मात्र हे असंच वर्षभर चालू ठेवणं मला मंजूर नाही.

तुम्ही मोजून पाहिलंत, याचं मला फार बरं वाटलं. माझ्याकडे येणारे बहुतेक आईबाप 'तसा हळूच असतो हो' एवढंच सांगतात. मोबाइलच्या ॲपमध्ये चार-पाच डेसिबल इकडचे तिकडे होतात, त्यामुळे तुमचे ७८ हे खरे ७४ असतील किंवा ८२. तरीही सल्ला बदलत नाही. कारखान्यात काम करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी ८५ डेसिबल आणि आठ तास, ही मर्यादा ऐकली असेल. तिच्याशी तुलना करून 'आपण खालीच आहोत' असं म्हणायचा मोह होतो. पण ती मर्यादा धडधाकट कामगारासाठी आहे. त्याला घरी गेल्यावर शांतता मिळते, शिवाय त्या मर्यादेत काही जणांचे कान थोडे बिघडतील हे गृहीतच धरलेलं असतं. सगळ्यांचेच कान सुरक्षित राहावेत म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९७४ मध्ये जो आकडा काढला तो चोवीस तासांच्या सरासरीने ७० डेसिबलचा होता. तुमचं मशीन ७८ वर दहा तास चालतं. उरलेले चौदा तास घरात टाचणी पडल्याचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता आहे असं धरलं तरी सरासरी ७४ येते. आणि डोंबिवलीत, रिक्षा स्टँडच्या वर, उरलेले चौदा तास तसे नसणार. दुपारच्या झोपेचा हिशेब तर मी धरलेलाच नाही.

त्यात बाळाच्या कानाची नळी आपल्यापेक्षा बरीच लहान असते. लहान नळीत वरच्या पट्टीचे, म्हणजे सूंऽऽ करणारे तीक्ष्ण आवाज जास्त घुमतात आणि पडद्यापर्यंत जास्त जोराने पोचतात. व्हाइट नॉइजमध्ये नेमके तेच आवाज भरपूर असतात. शिवाय मोठ्या माणसाला गोंगाटातून बाहेर आल्यावर कानाला दडे बसल्यासारखे वाटतात किंवा कानात शिट्टी वाजते, मग तो आपणहून लांब होतो. अकरा आठवड्यांच्या मुलीला हे सांगता येत नाही, कूस बदलून दूर जाता येत नाही. ती जिथे ठेवली तिथेच असते.

आता तुमच्या यजमानांचा मुद्दा. बाळांसाठी बनवलंय म्हणजे बाळाला चालेल एवढाच आवाज त्यातून निघेल, असं कुणालाही वाटेल. कॅनडात टोरांटोच्या कानाच्या डॉक्टरांनी बाजारातली अशी १४ मशीनं घेऊन पूर्ण आवाजात मोजली. तो अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. रुग्णालयातल्या नवजात कक्षासाठी ५० डेसिबलची मर्यादा मानतात. तीस सेंटिमीटरवर, म्हणजे कठड्याला बांधल्यावर जेवढं अंतर असतं तेवढ्यावर, चौदाच्या चौदा मशीनं त्या मर्यादेच्या वर गेली. एक मीटरवरही सगळीच गेली. दोन मीटरवर गेल्यावर फक्त एक मशीन मर्यादेत आलं. आणि तीन मशीनं अशी निघाली की तीस सेंटिमीटरवर त्यांचा आवाज ८५ च्या वर होता, म्हणजे आठ तासांत मोठ्या कामगाराचीही मर्यादा ओलांडणारा. खोक्यावर झोपलेल्या बाळाचं चित्र आणि कठड्याला बांधायचा पट्टा, दोन्ही कंपनीच देते. आवाजाचं बटण कुठवर फिरवायचं, हे मात्र आपल्यावर सोडलेलं असतं.

मग किती आवाज आणि किती लांब? मशीन पाळण्यापासून निदान दोन मीटर, म्हणजे सात फूट दूर ठेवा. दहा बाय बाराच्या खोलीतही हे जमतं. पाळणा एका कोपऱ्यात असेल तर मशीन समोरच्या कोपऱ्यात, कपाटावर किंवा जमिनीवर, तोंड भिंतीकडे करून. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. बंद खोलीत भिंती आवाज परत फेकतात म्हणून तितका उतरत नाही, पण फरक चांगला पडतो. मग आवाज कमी करत करत आणा. मोजताना मुलीला कुणाकडे तरी द्या, मोबाइल तिचं डोकं जिथे असतं तिथे ठेवा, पंखा नेहमीसारखा चालू असू द्या. आकडा ५० च्या आसपास दिसायला हवा. ॲप नको असेल तर पाळण्यावर वाकून उभ्या राहा आणि घरातल्या कुणाशी तरी अगदी हळू, बाळ झोपल्यावर बोलतो तसं बोला. तुमचं बोलणं त्या आवाजात बुडत असेल तर अजून कमी करा. दिवसा मोजलंत तर रिक्षांचा आवाजच ५५–६० दाखवेल आणि तुम्ही गोंधळाल, म्हणून रात्री अकरानंतर, रस्ता जरा निवल्यावर मोजा. मशीनवर वेगवेगळे आवाज असतील तर सूंऽऽ करणारा सोडून पाऊस, समुद्र किंवा पंख्यासारखा जाड, खालच्या पट्टीचा आवाज निवडा. बाळाच्या कानाला तो सौम्य जातो.

पन्नासला काय होणार, ही तर इतकुशी कुजबुज, असं तुम्हाला वाटणार. पहिल्या दोन-तीन रात्री ती कदाचित तक्रारही करेल. पण हा आवाज मुळात कशासाठी लावायचा, ते एकदा नीट बघू.

लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात नवजात बाळांवर एक छोटासा प्रयोग झाला होता, तो १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन ते सात दिवसांची चाळीस बाळं, वीस-वीसचे दोन गट. एका गटाला व्हाइट नॉइज ऐकवला, दुसऱ्याला नाही. पाच मिनिटांत पहिल्या गटातली सोळा बाळं झोपली, दुसऱ्या गटातली पाच. या प्रयोगाचा दाखला सगळीकडे देतात आणि तो चुकीचा नाही. फक्त तो प्रयोग झोप लागण्याचा आहे. पाच मिनिटांचा. रात्रभर आवाज चालू ठेवल्याने बाळ रात्रभर झोपतं, असं त्यात कुणी तपासलेलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही हेच सांगतो: ठेवायचंच तर लांब, हळू आणि थोडा वेळ. आवाज लावायचा तो डोळा लागेपर्यंत. ती शांत झाली, हातपाय सैल पडले, त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी बंद. मशीनला टायमर असेल तर तो लावा, नसेल तर तुम्ही किंवा बाबांनी झोपायच्या आधी बंद करायचं. नऊला सुरू झालेलं मशीन पहाटे चारलाही घरघरतंय, हे नको.

"बंद केलं की दहा मिनिटांत उठते" असं लिहिलंय तुम्ही. फुल आवाज एकदम बंद होणं हासुद्धा बाळासाठी एक धक्काच असतो. पंखा बंद पडला, लाइट गेली की आपण नाही का खडबडून उठत? म्हणून एकदम बंद करू नका. झोप लागली की दोन घरं कमी, दहा मिनिटांनी आणखी दोन, मग बंद. दुसरी गोष्ट, या वयात झोपेचं एक आवर्तन साधारण पन्नास मिनिटांचं असतं आणि त्याच्या शेवटी बाळ चुळबुळतं, कण्हतं, कधी डोळे उघडून पुन्हा मिटतं. त्या चुळबुळीला आपण 'उठली' म्हणतो आणि लगेच उचलतो. मिनिटभर थांबा. पोटावर नुसता हात ठेवा. पुष्कळदा ती पुन्हा जाते.

आणि खरोखर उठली तर? अकरा आठवड्यांचं बाळ रात्री दोन-तीनदा दुधासाठी उठणारच. ते उठायलाच हवं. पटकन जाग येणं ही इतक्या लहान बाळाची स्वतःला सांभाळायची सोय आहे: श्वास अडखळला, फार गरम झालं, नाकावर पांघरूण आलं, तर ते जागं होऊन रडतं. व्हाइट नॉइजमुळे झोपेत दगावण्याचा धोका वाढतो, असं काही सिद्ध झालेलं नाही, ते मी म्हणतही नाही. पण बाळाने दगडासारखं झोपावं ही अपेक्षा या वयात ठेवू नका. शिवाय मशीनचा आवाज मोठा असला की तिची कण्हण्याची, गुळणी आल्याची, नाक चोंदल्याची बारीक चाहूल तुम्हालाही लागत नाही. एकाच खोलीत झोपूनही मग त्याचा उपयोग राहत नाही.

कराडला झोपायची आणि डोंबिवलीत झोपत नाही, याचं सगळं खापर तुम्ही रिक्षा स्टँडवर फोडलंय. थोडं वयावरही फोडा. बाळांचं रडणं दुसऱ्या महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत आपोआप उतरतं. तुम्ही माहेरून निघालात ते बहुधा नेमके त्याच दिवसांत. माहेरी घ्यायला चार हात होते, तेही इथे नाहीत. दिवस आणि रात्र यांतला फरकही बाळाला साधारण तीन महिन्यांच्या सुमारास कळायला लागतो, आणि तो कळतो उजेडावरून. सकाळी उठली की तिला खिडकीशी न्या, दिवसा घरात लख्ख उजेड आणि नेहमीचे आवाज असू द्या, कुकरच्या शिट्टीसकट. रात्री आठनंतर ट्यूब बंद, एखादा मिणमिणता दिवा, दूध पाजतानाही गप्पा नाहीत. याला दोनेक आठवडे द्या. मशीनपेक्षा याचा गुण जास्त येतो, असं माझं मत आहे.

रस्त्याच्या आवाजाशी मशीनची कुस्ती लावू नका. रिक्षाचा हॉर्न दाबायचा तर मशीन त्याच्या बरोबरीला न्यावं लागेल, आणि मग आपण बाळाला बाहेरच्या गोंगाटापासून वाचवायला घरात तेवढाच गोंगाट करत असू. सतत एकसारखा असणारा आवाज बाळ फार लवकर अंगवळणी पाडून घेतं. लोकलच्या रुळांशेजारी वाढलेली मुलं लोकलच्या आवाजात झोपतातच. पाळणा खिडकीपासून काढून आतल्या भिंतीला लावा. सरकत्या खिडकीच्या फटीत लावायची फोमची किंवा रबराची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते, ती लावा. जाड पडदा जमिनीपर्यंत सोडा. लोखंडी कपाट खिडकीकडच्या भिंतीला सरकवता आलं तर उत्तमच. सणावारी मंडळाचा स्पीकर खिडकीतून घुसायला लागला तर बिनधास्त ११२ ला फोन करा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे, वर्षातल्या ठरावीक दिवशी सरकार फक्त बारापर्यंत सूट देतं. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. हे वाचून तुम्ही हसाल, मीही लिहिताना हसले. पण नियम आहे आणि तान्हं बाळ घरात आहे म्हटल्यावर मंडळाची पोरंही पुष्कळदा ऐकतात.

मोबाइलचा मार्ग मात्र पूर्ण बंद करा. पाळण्यात तर मुळीच नाही. पावसाच्या व्हिडिओत मधेच जाहिरात येते आणि ती पावसाच्या दुप्पट जोरात ओरडते, फोन वाजतो, चार्जिंगला लावलेला फोन दुपट्याखाली तापतो. एखाद्या रात्री दुसरा इलाजच नसेल तर आवाजाची फाइल आधी उतरवून घ्या, फोन विमान मोडवर टाका, स्क्रीन बंद करा आणि तोही सात फुटांवर. मशीनची वायरसुद्धा पाळण्यापासून निदान तीन फूट लांब हवी. आज ती हात हलवते आहे, दोन महिन्यांनी जे हाताला लागेल ते ओढेल, आणि वायर गळ्याभोवती यायला फार वेळ लागत नाही. अजून एक बघा. अशा मशीनसोबत छोटा रिमोट असेल तर त्यात नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली गेली तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजून निघू शकते. तुमची मुलगी अजून रांगत नाही, पण रिमोटच्या झाकणाला स्क्रू नसेल तर आजच त्यावर चिकटपट्टी फिरवा आणि तो उंचावर टाका.

आता सवयीबद्दल. लागते, पण व्यसनासारखी नाही. कुणी मांडीवर हलवल्याशिवाय झोपत नाही, कुणी आईच्या पदराचं टोक धरल्याशिवाय, तशीच ही. सोडवायची असेल तेव्हा दर तीन-चार रात्रींनी आवाज एक घर कमी करत जायचं. लांब आणि हळू या पायरीवर तुम्ही आज आलात की अर्धं काम झालंच. पहिला वाढदिवस होईपर्यंत मशीन कपाटात गेलेलं असावं, असं मी धरून चालेन. आणि दुपारची झोप आजपासूनच मशीनशिवाय. दिवसा तिला घरचे आवाज ऐकू येणं गरजेचं आहे, आणि याचा संबंध तुमच्या बोलण्याच्या प्रश्नाशी आहे.

उशिरा बोलण्याबद्दल तुम्ही जे वाचलंत त्याच्या मागे बहुधा उंदरांवरचा एक प्रयोग असेल. कॅलिफोर्नियातल्या दोन शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये उंदरांची पिल्लं सतत, रात्रंदिवस व्हाइट नॉइजमध्ये वाढवली. त्यांच्या मेंदूतला ऐकण्याचा भाग नीट तयारच होईना, तो कच्चाच राहिला. पिल्लांना नेहमीच्या वातावरणात आणल्यावर तो भाग पुढे तयार झाला, ही दिलाशाची बाजू. उंदरावरून माणसाच्या बाळाबद्दल थेट काही सांगता येत नाही, आणि रात्री अर्धा तास हळू आवाज म्हणजे चोवीस तासांचा गोंगाट नव्हे. पण मेंदूला ऐकणं शिकायला वेगवेगळे, स्पष्ट आवाज लागतात, एवढं त्यातून नक्की घ्यावं. आणि शिकण्याचा हा काळ फार लवकर सुरू होतो. कॅनडात वर्कर आणि टीज या दोघांनी १९८४ मध्ये दाखवलं की इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ओळखतात, आणि वर्षाची होईपर्यंत त्यांची ती ओळख बरीचशी पुसली जाते, कारण घरात तो फरक कधी कानावर पडत नाही. आपल्या मुलांना तर 'त' आणि 'ट', 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ' असं सगळंच वेचायचं असतं. ते सगळं सतत घरघरणाऱ्या खोलीत कसं वेचणार? म्हणून जागी असताना मशीन नाही, दिवसभर चालू असलेला टीव्हीही नाही. आंघोळ घालताना, लंगोट बदलताना तिच्या तोंडाकडे बघून बोला. काय बोलायचं सुचत नसेल तर भाजीला किती पैसे गेले ते सांगा. सासूबाईंना अडगुलं-मडगुलं म्हणायला लावा.

सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर सांगते, त्यांचं निम्मं बरोबर आहे. बहिरी होईल ही भीती जरा जास्तीची, पण गिरणी कानाशी लावलीय हे निरीक्षण चोख आहे. ७८ डेसिबल न मोजता त्यांना कळलं. त्यांच्या पिढीत बाळाला खांद्यावर घेऊन 'हंऽऽ हंऽऽ' करत थोपटायचे, त्यातही एकसुरी आवाजच असतो. फरक एवढाच की माणूस दमतो आणि दहा मिनिटांत थांबतो, मशीन दमत नाही. रात्री नऊची एक पाळी त्यांच्याकडे देऊन बघा. तुम्हालाही तेवढीच पाठ टेकता येईल, आणि घरातला वाद जरा थंडावेल.

कावीळ आणि तपासणीबद्दल नीट वाचा, कारण तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग हाच आहे. जन्मल्यावर कावीळ पुष्कळ बाळांना होते आणि दोन दिवस लाइटखाली ठेवलं एवढ्याने कानाला धोका धरत नाहीत. काविळीचा आकडा फार चढून रक्त बदलावं लागलं असेल, बाळ पाच दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात असेल, अमिकासिन किंवा जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं बरेच दिवस दिली असतील, घरात लहानपणापासून कुणाला ऐकू येत नसेल, तर गोष्ट वेगळी. अशा बाळांना ओएई या कानाच्या साध्या तपासणीसोबत बेरा, म्हणजे आवाज कानाच्या नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणीही लागते. डिस्चार्जचा कागद काढून बघा. त्यावर 'ओएई' आणि पुढे 'पास' लिहिलंय का? नसेल तर तपासणी झालेली नाही असं समजा आणि करून घ्या. नियम असा की पहिल्या महिन्यात तपासणी, दोष वाटला तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. तुमची मुलगी अडीच महिन्यांची आहे, म्हणजे उशीर झालेला नाही, पण पुढच्या महिन्यावर ढकलूही नका. बाळ झोपलेलं असताना कानात छोटी नळी लावून पाच-दहा मिनिटांत ओएई होते, दुखत नाही. सरकारी जिल्हा रुग्णालयात बालस्वास्थ्य कार्यक्रमाखाली चौकशी करा. तुम्हाला मुंबईत बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थाही आहे, कानाच्या आणि वाचेच्या तपासण्यांसाठी ती राष्ट्रीय संस्था आहे. घरी तुम्हीही लक्ष ठेवा: दार आपटलं, भांडं पडलं की दचकते का, रडताना तुमचा आवाज ऐकून क्षणभर थांबते का. मशीन चालू असताना हे कळणार नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणि ते तेल. चालणार नाही. अजिबात नाही. मशीनबद्दल मी तुम्हाला लांब ठेवा, हळू लावा असं म्हणाले. तेलाबद्दल माझ्याकडे अशी मधली वाट नाही. बाळाच्या कानात तेल सोडल्याने मळ निघत नाही, तो ओला होऊन आत सरकतो, त्यावर बुरशी धरते, आणि पडद्याला भोक असेल तर तेल मधल्या कानात जातं. नाकात सोडलेलं तेल त्याहून वाईट, ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. मावशींना वाईट वाटेल म्हणून तुम्ही बोलत नसाल तर माझं नाव सांगा, 'डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय' म्हणा. मालिश जरूर करू दे, डोक्याला, पाठीला, पायांना. कानाच्या बाहेरून ओल्या मऊ फडक्याने पुसलं की झालं. कापसाची काडीही आत घालायची नाही.

झोपेचा विषय चाललाय म्हणून पाळण्यातही डोकावते. पत्रात तुम्ही 'उशाशी' न लिहिता 'डोक्यापाशी' लिहिलंय, तेव्हा उशी नसेल अशी आशा आहे. डोकं गोल व्हावं म्हणून घातलेली मोहरीची उशी असेल तर ती काढा. वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलीच उशी नको. तिला पाठीवर झोपवा, गादी घट्ट असू द्या, दुपट्यांचे ढीग आणि मऊ खेळणी बाहेर. गुंडाळत असाल तर छातीपाशी सैल, नितंब आणि पाय मोकळे, आणि कुशीवर वळायची धडपड दिसली की गुंडाळणं बंद. झोपवताना उदबत्ती, धूप, शेगडीची धुरी खोलीत नको. एका खोलीच्या घरात तो धूर रात्रभर तिथेच राहतो.

चौदा आठवड्यांच्या लसीला जाल तेव्हा ओएईचा कागद, तुम्ही नव्याने मोजलेला आकडा आणि रात्री किती वेळा उठते याची साधी नोंद तुमच्या डॉक्टरांना दाखवा. दूध ओढताना दमते, वजन वाढत नाही, घोरते, झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटतो, किंवा तासन् तास कशानेच न थांबणारं रडणं आहे, यातलं काही असेल तर लसीची वाट बघू नका, लगेच दाखवून घ्या. आणि नणंदेला कळवा, मशीन मिळालं, उपयोग होतोय, फक्त कठड्याचा पट्टा आम्ही कापून टाकला.